उसवलेला कोट

कोट चादरीच्या गाठोड्यात घरी आला, तेव्हाच थोरल्या जावेने जिन्यातच ते अडवलं. गेल्या आठवड्यात तिने तो आपल्या कपाटातून काढून, हँगरला लावून, वर खोळ घालून पुतणीच्या हाती दिला होता. नवऱ्याला न विचारता. "कॉलेजात दाखवते आणि लगेच आणते, काकू," असं पुतणी म्हणाली होती आणि थोरलीला ते खरं वाटलं होतं. हँगरवर गेलेला कोट गाठोड्यात परत येतो तेव्हा काय समजायचं, ते शिंप्याच्या घरातल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

"टाचणे," ती दबक्या आवाजात म्हणाली, "कोट कुठाय?"

"ह्यातच आहे, काकू."

"सगळा?"

"सगळा. एकही तुकडा हरवलेला नाही."

तुकडा हा शब्द ऐकून थोरलीने जिन्यावरून खाली दुकानाकडे नजर टाकली. रविवारी तिच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. नवरदेव आत्ता, चहा झाला की, कोट अंगात घालून बघायला खाली दुकानात उतरणार होता. आणि तिथे त्याचा बाप, अण्णा, हातात टेप घेऊन, वाट बघत उभा होता.

"काकू, मी सगळं परत शिवते. आज बसले तर उद्यापर्यंत होईल."

"तू शिवणार? तुला बटण लावता येतं का धड?"

टाचणीला बटण लावता येत होतं, पण धड नाही.

टाचणी ही धाकट्या दिराची मुलगी. लहानपणी किडकिडीत होती आणि नको तिथे टोचायची म्हणून टाचणी. आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली तरी टाचणीच. तिने सामाजिक आणि सांस्कृतिक इतिहास हा विषय घेतला तेव्हा घरात चांगलंच वाजलं होतं. "राजे आणि लढाया एक वेळ समजू शकतो," अण्णा म्हणाले होते. "लोक काय घालत होते आणि कशावर झोपत होते, हे शिकायला कॉलेज कशाला लागतं? दुकानात बस. मी सांगतो सगळं." पण त्यांच्या विरोधाचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ते कारण दुकानाच्या मधोमध उभं होतं. प्लायवुडचं पार्टिशन.

पूर्वी अण्णा कापायचे आणि धाकटा भाऊ, म्हणजे बापू, शिवायचे. तागोबाच्या लग्नापर्यंत. तागोबा हा अण्णांचा मोठा मुलगा, नावाप्रमाणेच कापडाच्या ताग्याएवढा रुंद. घरातल्या प्रत्येक नवरदेवाने अण्णा-बापूंच्या वडिलांनी शिवलेल्या त्या एका कोटातच लग्नाला उभं राहायचं, अशी रीत होती. वडिलांनी तो स्वतःच्या लग्नासाठी शिवला होता आणि पाठीच्या मधल्या शिवणीत दोन्हीकडे भरपूर कापड दुमडून ठेवलं होतं, पुढे कुणी जाडजूड निघाला तर सोडता यावं म्हणून. तागोबासाठी अण्णांनी ती पाठ उसवली, तर आत कापडच नाही. शिवणीला लागून कात्रीने साफ नेलेलं.

त्याआधी कोट शेवटचा वापरला होता तो बापूंनी. वडील तोवर गेलेले, म्हणून बापूंनी स्वतःच तो बगलेत आत घेतला होता.

"आपल्या मापाचा करून घेतलास," अण्णा म्हणाले. "माझ्या मुलाला बसू नये म्हणून."

"मी पाठ उसवलीच नव्हती," बापू म्हणाले. एकदाच. बापू कुठलीही गोष्ट एकदाच म्हणतात.

तागोबा विकतच्या कोटात लग्नाला उभा राहिला आणि दुकानात पार्टिशन आलं. कापायचं टेबल मात्र अखंड लाकडाचं, वडिलांच्या हातचं. त्याला करवत लावायला दोघांपैकी कुणाचा हात धजला नाही. म्हणून पार्टिशन टेबलाच्या वर येऊन थांबलं आणि टेबलाच्या खालून पुन्हा सुरू झालं. अण्णा अलीकडे कापून कापड टेबलावरून पलीकडे सरकवायचे, बापू पलीकडे शिवून परत सरकवायचे. बोलणं टाचणीमार्फत.

"त्याला सांग, गिऱ्हाइकाच्या बाह्या कुणी शिवल्या आहेत, माणसाने की माकडाने?"

टाचणी फुटपाथवरून वळसा घालून पलीकडच्या दारातून आत जायची. "बाबा, अण्णा विचारतायत बाही जरा लांब झालीय का."

"त्यांना सांग, हातच तेवढा आहे त्याचा."

अण्णांचे निम्मे शब्द वाटेत गाळायला ती फार लहानपणी शिकली होती. दुकान चाललं होतं ते त्या गाळणीवर. आणि म्हणूनच ती कॉलेजला जायला लागल्यापासून अण्णांचा जीव वरखाली होत होता.

*

"हे काय आहे?" अण्णांनी विचारलं.

टाचणीने गाठोडं टेबलावर ठेवून सोडलं होतं. दोन बाह्या, दोन समोरचे भाग, पाठीचे दोन तुकडे, कॉलर, आणि वेगळी घडी करून ठेवलेलं अस्तर. शर्टाची बटणं काढत आलेला नवरदेव आहे तिथेच थांबला.

"आपला कोट, अण्णा."

अण्णांनी आधी टेप गळ्यात टाकला, मग काढला, मग पुन्हा टाकला. त्यांना राग यायला नेहमी थोडा वेळ लागायचा. राग त्यांच्या गुडघ्यांपासून वर चढत येतो असं थोरली म्हणायची.

"कुणी केलं हे?"

"मी."

"का?"

"कॉलेजातल्या बाईंनी सांगितलं होतं, घरातली एक जुनी वस्तू आणा आणि ती वाचा. कुणी बनवली, कुणी वापरली, कुणी दुरुस्त केली. कुणी दिवा आणला, कुणी रेडिओ, एकाने पणजीचा चष्मा आणला. सगळ्यांनी बाहेरून बघून लिहिलं. पण कोट बाहेरून काय वाचणार?"

"म्हणून उसवलास?"

"आपल्यात दुसरं काय करतात? जुना कपडा दुरुस्तीला आला की तुम्ही आधी आतून उसवूनच बघता ना?"

ह्यावर अण्णा ओरडायला लागले. रविवारी लग्न आहे ह्याची शुद्ध आहे का, वडिलांच्या हातचे टाके होते ते, तुझ्या त्या बाईला काही घरदार आहे की नाही. आवाज फुटपाथपर्यंत गेला. वरून टाचणीची आई, म्हणजे धाकटी जाऊ, धावत खाली आली, टेबलाकडे तिने एकदा बघितलं आणि सरळ मुलीच्या पाठीत धपाटा घातला.

धाकटीचा स्वभाव भित्रा. पाठीतलं कापड चोरल्याचा आळ अजून नवऱ्यावर होता, त्यात ही नवी भर. आपणच मुलीला चार शब्द बोलून घेतले तर मोठे दीर जरा निवतील, एवढाच तिचा हिशेब. "मी सांगतच होते तुम्हाला, अण्णा," ती म्हणाली. "हे कॉलेजचं खूळ काही खरं नाही."

"उद्यापासून कॉलेज बंद," अण्णा म्हणाले. "पुरे झाला इतिहास. दुकानात बसायचं."

मार खाल्ला तेव्हा टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आता आलं. पुढच्या आठवड्यात ह्याच कोटावर तिला वर्गासमोर बोलायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला दुसऱ्या कुणाचा निरोप नाही, स्वतःचं काहीतरी सांगायचं होतं.

"आणि कोट हिला दिला कुणी?" अण्णांनी विचारलं. "कपाटाची किल्ली तर—"

थोरली दाराआड उभी होती. तिला वर निघून जाता आलं असतं. खरं तर एक पाऊल तिने मागे घेतलंही होतं. पण धाकटीचा धपाटा तिने ऐकला होता आणि तो आपल्या वाटणीचा होता हे तिला कळत होतं.

"मी दिला," ती आत येत म्हणाली. "मलाच काय ते बोला. पोरीचं कॉलेज मध्ये आणू नका."

"तू?"

"हो, मी. इतकी वर्षं तो कोट माझ्या कपाटात डांबराच्या गोळ्या खात पडलाय. तो बघून कुणी खूश झालंय का ह्या घरात? पोरीने हौसेने मागितला, दिला."

आणि मग घडलं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. पलीकडचं मशीन थांबलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बापू पलीकडच्या दारातून बाहेर पडले, फुटपाथवरून वळसा घालून अलीकडच्या दारात आले आणि चपला काढून आत आले. पार्टिशन झाल्यापासून ह्या भागात त्यांनी पाय ठेवला नव्हता.

"ती कॉलेजला जाईल," बापू म्हणाले.

धाकटीने नवऱ्याकडे असं बघितलं, की जणू दुसऱ्याच कुणाचा नवरा बोलला. बापू एक गोष्ट एकदाच म्हणतात, हे अण्णांनाही माहीत होतं.

*

"बाबा, अण्णा, एकदा बघा तरी," टाचणीने डोळे पुसले. "मी उगाच नाही उसवला. आत एक गंमत आहे. बाईंनी आधी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अगं, आम्ही जुन्या वस्तूंना हातमोजे घालून हात लावतो आणि तू कात्री लावलीस! पण मी दाखवायला लागले तशा जमिनीवर बसल्या, आणि पुढचा तास घ्यायचा विसरल्या."

तिने उजवीकडचा समोरचा भाग पुढे ओढला. बटणं लावली की डाव्या भागाच्या खाली झाकली जाते ती कड. तिथे दोन अरुंद पट्ट्या जोडून एक ठिगळ बसवलेलं होतं, इतक्या सफाईने, की हात फिरवला तरी जाणवू नये.

"हा जोड मी बघितलाय," बापू म्हणाले. "वडिलांनी कापड पुरवलं असेल, असं वाटलं होतं."

"मलाही तसंच वाटलं. पण हे टाके बघा. कुणीकडे झुकलेत?"

दोघे भाऊ एकदमच वाकले. हातशिलाईचे टाके उलट्या बाजूला झुकलेले होते.

"आई," बापू म्हणाले.

घरात डावखुरी एकटी आईच. तिचा टाका ओळखायला त्यांना दिवाही लागला नसता. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि अचानक ती टेबलावर, दोघांच्या मधे, आली होती.

"आता हा जाड धागा," टाचणीचा आवाज हळूहळू मोठा होत होता. "विणताना राहून गेलेला. पाठीवर आडवा जातो, बघा, आणि शिवणीपाशी कापला जातो. आणि इथे..." तिने ठिगळाची कड पाठीच्या कापलेल्या कडेला नेऊन भिडवली. जाड धागा पाठीवरून सरळ ठिगळात गेला. मधे केसाएवढीही फट राहिली नाही. "पाठीतलं कापड कुणी चोरलंच नव्हतं. ते कोटातच आहे. आजीने पाठीतून काढून पुढे लावलं."

नवरदेवाने शीळ घातली. थोरलीने धाकटीचा हात धरला. बापू मात्र खाली बसले. तिथे अण्णांचं स्टूल होतं, त्यावरच. आपण खोटं बोललो नव्हतो हे त्यांना ठाऊक होतंच. पण फक्त आपल्यालाच ठाऊक असलेलं खरं वागवायला किती जड असतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

"पण आजीला ठिगळ लावावं का लागलं?" नवरदेवाने विचारलं.

टाचणीने ठिगळामागचं आतलं जाड कापड उलटून दाखवलं. अस्तराखाली कायम झाकलेलं. त्यावर तपकिरी डाग होता, एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला टोकदार. शिंप्याच्या घरात तो कसला, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही.

"इस्त्री," थोरली म्हणाली.

"कुणाची तेवढं कळलं नाही," टाचणी म्हणाली. "बाईंना तसंच सांगितलंय, की माहीत नाही."

"आजोबांचीच असणार," नवरदेव म्हणाला. "ह्या कोटाला इस्त्री तेच करायचे ना? दुसऱ्या कुणाला हातही लावू द्यायचे नाहीत, असं अण्णाच सांगतात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेच बरोबर वाटत होतं. आजोबा आता नव्हते, त्यांना कुणी रागावणार नव्हतं, आणि विषय तिथेच मिटला असता.

अण्णा त्या डागाकडे बघत होते. तो डाग कधीचा, हे जगात आता फक्त त्यांना माहीत होतं. गप्प राहायचं, एवढंच करायचं होतं. डोक्यात राग नव्हता, लाज होती, आणि लाजेच्या तळाशी एक विचित्र सुटल्यासारखं वाटत होतं. भावाने आपल्याला फसवलं, हे धरून बसण्यात त्यांनी आयुष्यातली किती चांगली वर्षं घालवली होती. तो भाऊ समोर त्यांच्याच स्टुलावर बसला होता आणि त्याने काहीच केलेलं नव्हतं. म्हणजे तो जसा होता तसाच होता. लहानपणी शेजारी झोपणारा.

"वडिलांनी नाही," अण्णा म्हणाले. "मी."

"काय?"

"माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. वडील बाहेर गेले होते. मला वाटलं, एकदा आपणही इस्त्री फिरवून बघावी. कोळशाची इस्त्री, निखारे फुललेले. आणि मी फोटो बघत बसलो."

"कसला फोटो?" थोरलीने विचारलं.

"फोटो. मुलीचा."

"कुठल्या मुलीचा?"

"तुझाच गं बाई! दुसऱ्या कुणाचा असणार?" अण्णा ओरडले, आणि थोरली ह्या वयात पदरात तोंड लपवून हसली. "जळका वास आला तेव्हा भानावर आलो. आई म्हणाली, जा, बाहेर फिरून ये. परत आलो तर कोट नीट. कापड कुठलं लावलंस विचारलं, तर म्हणाली, होता एक तुकडा. मी पुढे विचारलंच नाही. वडिलांच्या तावडीतून सुटलो, त्यातच खूश."

मग ते वळले. टाचणीकडे नाही. सवयीने त्यांचं तोंड तिच्याकडे वळत होतं, ते त्यांनी वाटेत थांबवलं.

"बापू."

बापूंनी वर बघितलं.

"तू पाठ उसवली नव्हतीस."

"नव्हती."

"तसं म्हणाला होतास मला."

"म्हणालो होतो."

"मग पुन्हा का नाही म्हणालास, गाढवा? दहादा म्हणायचंस! भांडायचंस!"

"मला वाटायचं तूच तागोबाच्या वेळी चुकून कापलंस आणि माझ्यावर ढकललंस."

"मी?" अण्णांचा आवाज चिरकला. "मी इतकी वाईट कात्री चालवीन?"

"तेच तर मला कळत नव्हतं," बापू म्हणाले.

आधी नवरदेव हसला. मग थोरली. मग बापूंचे खांदे हलायला लागले, आणि ते हसतायत की रडतायत हे बघायला धाकटी पुढे झाली आणि स्वतःच रडायला लागली. अण्णांनी गळ्यातल्या टेपने डोळे पुसले. टेपने डोळे पुसले जात नाहीत, पण हाताशी तोच होता.

"चुकलो मी," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. चुकलो."

"बरं," बापू म्हणाले. त्यांनी बाही उचलून उजेडात धरली. "रविवारपर्यंत होईल. ठिगळ आहे तसंच राहू दे."

"मग काय काढतोस की काय? आईचा टाका आहे तो."

"आणि पाठ जराशी ओढतेय."

"कुठे ओढतेय? दाखव."

"ही बघ. तू पहिल्यापासून पाठ ओढूनच कापतोस."

"ह्या पाठीवर कात्री वडिलांची आहे!"

"मग त्यांच्याकडूनच शिकलास."

टाचणी दोघांच्या मधे उभी होती. 'अण्णांना सांग' किंवा 'त्याला सांग' असं कुणीतरी म्हणेल म्हणून तिचं एक पाऊल आपोआप दाराकडे वळलेलं. कुणी काही म्हणालं नाही. अण्णांनी खडू मागितला, तो बापूंनी दिला. बापूंनी सुई मागितली, ती अण्णांनी ओवून दिली. दोन डोकी कोटावर वाकली होती आणि तावातावाने भांडत होती, एकही शब्द न गाळता.

"अण्णा," तिने शेवटी भीत भीत विचारलं, "मी काय करू?"

अण्णांनी मान वर केली. मुलगी अजून इथेच कशी, ह्याचं त्यांना खरोखर नवल वाटलेलं दिसलं.

"तू? तू कॉलेजला जा," ते म्हणाले. "आणि त्या बाईंना सांग, इस्त्री कुणाची ते कळलं म्हणावं. बाकी इथे तुझं आता काय काम आहे?"